विहारात लिहिलेली फारकत



एका कागदावर माझी सही आहे. त्या सहीबद्दल लिहितो.

शंभराचा बाँड. साल २०१३. खाली नवऱ्याची सही, बायकोची सही, पाच पंचांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. त्या दोघांतला एक मी. बी.ए. झालेला, शिबिरात भाषणं ठोकणारा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं चालणारा. आणि बायको म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो.

आक्काचं लग्न आमच्या विहारात मोडलं. भिंतीवर बाबासाहेब, समोर बुद्धमूर्ती, खाली सतरंजीवर पंच. आक्का दाराशी बसलेली, पदर तोंडावर. तहसीलसमोर झाडाखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडून कागद आला. एक म्हातारा पंच म्हणाला, "आपल्यात शिकलेलं पोरगं हाय की. वाचू द्या त्याला." मी उभा राहिलो. खणखणीत आवाजात वाचलं. आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे होत आहोत, कोणाचे दडपण नाही, पुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही. आक्का राजी नव्हती. खुशीचा तर सवालच नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी कागदाकडं बघत होतो.

चाळीस हजार एकरकमी. दोन्ही पोरं आईकडं. पुढं खावटी मागायची नाही. चहा झाला, जयभीम झाला, माणसं उठली. चाळीसातले पंचवीस आले. पंधरा अजून यायचेत.

'शिका' म्हणाले होते बाबासाहेब. मी शिकलो. शिकून काय केलं? बहिणीची फारकत स्पष्ट उच्चारात वाचून दाखवली.

त्याने पुढच्या वर्षी दुसरी केली. वरात निघाली, बँड वाजला. कोणी विचारलं तर तो खिशातून कागदाची झेरॉक्स काढायचा. आक्काकडं तर झेरॉक्सही नव्हती. अस्सल कागद त्याच्याकडं, नक्कल त्याच्याकडं आणि पोरं तेवढी हिच्याकडं.

२०१५ साली तिने एकटीने जाऊन पोटगीचा अर्ज टाकला. तिथं त्याच्या वकिलाने हाच कागद पुढं केला. दोस्तांनो, इथं नीट लक्ष द्या. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमात एक बारीक अट होती, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेच्या १४४ कलमातही ती तशीच आहे. नवरा-बायको आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. आमच्या कागदात काय लिहिलं होतं? राजीखुशीने. टायपिंगवाल्याच्या ठरीव मसुद्यातला शब्द. मी वाचलेला शब्द. तोच वकिलाने सुरीसारखा काढला. खरं म्हणजे, पोटगीचा हक्क कागदावर असा लिहून देता येत नाही असं कोर्टं सांगत आलेली आहेत. लढली असती तर कदाचित निघालाही असता मार्ग. पण लढायला सोबत कोण? मी तेव्हा जिल्ह्याला एका परिषदेची तयारी करत होतो. विषय होता स्त्रीमुक्ती. दोन वर्षं तारखा खाल्ल्यावर आक्काने नाद सोडला.

२०२३ साली ती संजय गांधी निराधारच्या अर्जासाठी तहसिलात गेली. घटस्फोट झालेल्या, पोटगी न मिळणाऱ्या बाईला त्यात पैसे मिळतात. महिना दीड हजार. कारकुनाने विचारलं, "घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा कुठंय?" आक्का घरी आली आणि मला म्हणाली, "बाबू, तू वाचलेला कागद काढून दे की. तेवढं काम कर."

मग मी शोधायला लागलो.

आधी ग्रामपंचायत. ग्रामसेवक म्हणाला, "जन्माचं रजिस्टर आहे, मृत्यूचं आहे, १९९८ च्या कायद्याखाली लग्नाचंही आहे. घटस्फोटाचं रजिस्टर कुठंच नसतं." म्हटलं, बरं, लग्नाची नोंद तरी काढा. पानं उलटली. लग्नाचीही नव्हती. २००४ साली विहारात लग्न लागलं, त्रिसरण-पंचशील झालं, गावाने जेवण केलं, पण ग्रामपंचायतीच्या वहीत एक ओळ लिहायची कोणाला सुचलं नाही. मग कोर्ट. तिथं बेंचवर दोन दिवस. शिरस्तेदाराने विचारलं, "नंबर काय? साल काय? पक्षकारांची नावं काय?" नावं सांगितली. हिंदू विवाह याचिकांच्या नोंदी वर्षावार पाहिल्या. ई-कोर्टच्या यादीत नावाने पाहिलं. पोटगीचा तेवढा अर्ज निघाला. घटस्फोटाचा काहीच नाही. मग कागदाची झेरॉक्स मिळवली आणि एका वकिलाला दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून परत दिली. म्हणाला, "हा नुसता कागद आहे. कायद्याने तुमची बहीण आजही त्याची बायको आहे."

बघा हिशेब. सरकारच्या वहीत तिचं लग्न झालेलं नाही. कोर्टाच्या वहीत ते मोडलेलं नाही. गावाच्या तोंडी ती सोडलेली. आमच्या म्हशीच्या कानाला बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे. माझ्या बहिणीचं आयुष्य दोन तुकडे झालं, त्याला नंबर नाही.

हा गुन्हा कोणाचा? सवर्णांचा? बामणांचा? मनूचा? नाही दोस्त. यावेळी तरी बोट बाहेर दाखवू नकोस. तो कागद गावकुसाच्या आत लिहिला गेला नाही. तो आपल्या वस्तीत, आपल्या विहारात, आपल्या हाताने लिहिला गेला.

जुन्या गोष्टीही जरा बघू. आपल्या बापजाद्यांत काडीमोड होती, पाट होता. वरच्या जातींतली बाई नवऱ्याच्या चितेपर्यंत त्याची, आणि आपल्यातली बाई नांदत नसेल तर पंचांपुढं काडी मोडून मोकळी व्हायची, दुसरं घर करायची. त्यात एक मोकळेपणा होता, मी नाकारत नाही. खुद्द बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर बोलताना हे विरोधकांच्या तोंडावर मारलं होतं, की घटस्फोट नवा नाही, शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या बहुसंख्य समाजात तो रूढीने चालतच आला आहे. पण ती काडी कोणाच्या हातात असायची? पंचांच्या. दंड कोण ठरवायचा? पंच. आणि पंचांत बाई किती? तुम्हीच मोजा.

म्हणून बाबासाहेबांना तो हक्क पंचांच्या सतरंजीवरून उचलून कायद्यात आणायचा होता. १९५१ च्या सप्टेंबरात सगळं कोड बाजूला ठेवून निदान लग्न आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर करू असं ठरलं. तोही अर्ध्यात सोडला गेला. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. कारणं आणखीही होती, पण हे मोठं कारण होतं. पुढं १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात घटस्फोट आला. ज्या हक्कासाठी त्या माणसाने खुर्ची लाथाडली, तो हक्क आपण त्याच्याच फोटोखाली बसून शंभराच्या बाँडवर विकतो.

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर: "रूढीने झालेला घटस्फोट कायदा मानतो." अर्धं खरं. त्या कायद्याच्या २९ व्या कलमात रूढीचा घटस्फोट राखून ठेवलाय. पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अशी रूढी आहे हे सांगणाऱ्याने ती कैफियतीत मांडायची आणि पुराव्याने सिद्ध करायची. म्हणजे काय करायचं? कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायचं, की साहेब, आमची जात शाबूत आहे, जातीचे पंच शाबूत आहेत, त्यांचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी ते सगळं टाकलं, त्यांच्या नातवंडांनी हे सांगायचं! धम्म पाहिजे की रूढी? दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालणार नाही.

दुसरं: "त्यावर नोटरीचा शिक्का आहे." आम्हालाही तो लाल गोल शिक्का बघून वाटलं होतं, सरकार मधे आलं. नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नाही. कधीच नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या विधी खात्याने नोटरींना पुन्हा बजावलं, लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करू नका म्हणून.

तिसरं, आणि हे आपल्या अभ्यासू मित्रांचं: "आम्ही बौद्ध. हिंदू नावाच्या कायद्यात बाईला कशाला ढकलता?" नाव मलाही टोचतं. कोर्टात 'हिंदू विवाह याचिका' असा मथळा वाचला तेव्हा घशाखाली घास उतरला नाही. पण त्या कायद्याचं दुसरं कलम बौद्धांना त्यात धरतं, हे आजचं वास्तव आहे. आपला वेगळा कायदा मागा, मोर्चा काढा, मी येतो. पण तोवर आक्काने काय लटकत राहायचं? आणि तुमचा तो स्टॅम्प पेपर काय त्रिपिटकातून आलाय? हिंदू कायदा नको म्हणून तुम्ही बाईला कायद्याबाहेर ठेवता, आणि कायद्याबाहेर उरतो तो फक्त नवरा.

चौथं: "घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की गाव हसतं." गाव आपल्याला कधी हसलं नाही? आपण पाण्याला गेलो तेव्हा हसलं, पँट घातली तेव्हा हसलं. तेव्हा थांबलो नाही. मग बाईच्या वेळेलाच इज्जत कुठून आठवते?

आणि एक. भटक्या जमातींतल्या जातपंचायतींविरुद्ध आपण टाळ्या वाजवतो. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आपण पेढे वाटले. मग आपली ती 'समाजाची बैठक' काय असते? पंचाचं न ऐकणाऱ्या बाईच्या बापाला लग्नाचं आमंत्रण बंद होतं, ते काय असतं? निळा झेंडा टेकवला म्हणून जातपंचायतीची लोकसभा होत नाही.

पाचवं उत्तर मात्र खरं आहे. "कोर्टात वर्षं जातात." जातात. तारखेला मजुरी बुडते. सिनियर डिव्हिजनचं कोर्ट प्रत्येक तालुक्यात नसतं. साहेब रजेवर असतात. समोरचा समन्स घेत नाही. आक्काला तीन वेळा गेल्यापावली परत यावं लागलं. पंचांचा निवाडा एका दुपारी होतो. पण तो एका दुपारचा निवाडा बारा वर्षं झाली तरी तिची पाठ सोडत नाही, हे पण मोजा की! त्याने दुसरी केली, ती बिचारीही कायद्याने बायको नाही. पहिलं लग्न उभं असताना केलेलं दुसरं शून्य. तिची पोरं कायदा औरस धरतो, तिला धरत नाही. एका कागदाने दोन बाया बुडाल्या. दोघी आपल्याच. आणि उद्या आक्काने त्या कागदाच्या भरवशावर दुसरं घर केलं असतं, तर गुन्हा तिच्यावर. नव्या न्याय संहितेचं ८२ वं कलम, सात वर्षांपर्यंत कैद.

आता भाषण पुरे. मला जे कोणी सांगितलं नाही, जे मी पायपीट करून शिकलो, ते लिहून ठेवतो. पाठ करा. वस्तीत बोला.

बाईला सासरच्या गावी जाऊन दावा टाकायची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून ती जिथं राहते तिथल्या कोर्टात टाकू शकते. माहेरी बसलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही.

घटस्फोटाच्या दाव्यात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. पोटगीलाही माफ.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला हक्क आहे आणि अनुसूचित जातीच्या माणसालाही आहे. उत्पन्नाचा दाखला आड येत नाही. आपली बाई दोन्ही दारांनी आत जाते. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. फोन लावायचा तर १५१००.

दोघं खरोखर राजी असतील तर १९७६ पासून परस्पर संमतीचा रस्ता आहे, कलम १३-ब. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. मग दोघांनी मिळून अर्ज, आणि सहा महिन्यांनी पुन्हा उभं राहून तेच सांगायचं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ होऊ शकतात. राजीखुशीचा शब्द तिथं न्यायाधीशासमोर बोलायचा असतो. तिथं बाईला विचारतात, तिच्या चुलत भावाला नाही.

राजी नसेल तर छळ, सलग दोन वर्षं टाकून देणं, दुसऱ्या बाईशी संबंध, ही कारणं आहेत. दावा चालू असताना खर्चाला आणि पोटाला पैसे मागता येतात, कलम २४. समन्स मिळूनही तो आला नाही तर दावा एकतर्फी चालतो.

लग्नाची नोंद नसेल म्हणून घाबरू नका. पत्रिका, फोटो, विहाराचा दाखला, लग्न लावणारा माणूस, पोरांच्या जन्माचे दाखले, हे सगळं पुरावा आहे. आक्काच्या लग्नाचा एकच फोटो निघाला. पेटीच्या तळाला, ओल लागलेला. दोघं बुद्धमूर्तीसमोर पांढऱ्या कपड्यांत. तोच लावला.

निकाल झाल्यावर हुकूमनाम्याची नक्कल हातात घेतल्याशिवाय कोर्टातून हलायचं नाही. ही नक्कल दोन्ही बाजूंना मोफत द्यायची असं कायद्यातच आहे, कलम २३ मध्ये. हरवली तर नंबर, साल, नावं लिहून नक्कल विभागात अर्ज करायचा. म्हणून तो नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा. आणि निकालानंतर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची. ती संपेपर्यंत दुसरं लग्न ठरवू नका.

एवढंच आहे. एका बैठकीत समजेल एवढं. आपण इतक्या बैठका घेतल्या, ठराव केले, गट फोडले, गट जोडले. ही बैठक कधी घेतली?

माझं मागणं साधं आहे. एक, कोणत्याही कार्यकर्त्याने फारकतीच्या बाँडवर पंच म्हणून, साक्षीदार म्हणून सही करायची नाही. समजूत घाला, भांडण मिटवा, मारणाऱ्याचा हात धरा. पण लग्न मोडायचा निवाडा देऊ नका. दोन, विहारात अशी बैठक बसू द्यायची नाही. तीन, विहारात लागलेलं प्रत्येक लग्न ग्रामसेवकाच्या वहीत चढलं पाहिजे. चार, प्रत्येक वस्तीत एक वही करा. बाँडवर सोडलेल्या बाया किती, कोणाकडं हुकूमनामा आहे, कोणाकडं नाही. बाईने होय म्हटलं तरच लिहा, आणि वही चावडीवर वाचू नका. मी आमच्या वस्तीत सुरू केली. सात नावं आली. हुकूमनामा एकीकडंही नाही. त्या सातांतल्या तीन कागदांवर ज्यांच्या सह्या आहेत, ते आज आपल्या जयंती कमिटीवर आहेत. त्यांना हे वाचून राग येईल. येऊ द्या.

आणि पाच, तारखेला सोबत जा. नुसतं सोबत. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. तुमचं पूर्ण पडेल, तेवढं भरा.

२०२४ साली आक्काने दावा टाकला. चालू आहे. मी तारखेला जातो. परवा वकिलाने याचिकेची प्रत हातात दिली तेव्हा तिने ती माझ्याकडं सरकवली. म्हणाली, "वाच. आन्‌ या वेळेला हळू वाच. न कळलं तिथं मी थांबवणार हाय."

तिने चार ठिकाणी थांबवलं. दोन ठिकाणी मजकूर चुकीचा होता. वकिलाने दुरुस्त केला.

२०१३ साली तिला एकदा जरी थांबवू दिलं असतं!

तो कागद विहारात ज्या जागी वाचला, त्याच जागी उभं राहून मी गेल्या पौर्णिमेला सगळ्या वस्तीसमोर म्हणालो, ती सही माझी चूक होती. दोघं उठून गेले. बाया बसून राहिल्या.

तुमचीही सही कुठल्या तरी बाँडवर असेल. शोधा ती.

जयभीम.